दहाच्या डोक्यावरचे बारीक आकडे

सोमवार, ३ फेब्रुवारी. सकाळी, पूजा आटोपून.
लेकीचा प्रबंध टाइप करून झाला. विषय: विहिरीच्या पाण्यातलं शिसं. आता फक्त फॉरमॅटिंग. चौकातल्या टायपिंगवाल्या बाई त्याचे वेगळे पैसे घेतात. मी म्हटलं, घरात कॉम्प्युटर आहे, मी आहे. प्रार्थनामंडळाची स्तोत्रांची पुस्तिका कोणी केली होती? लेक म्हणाली, आई, ते स्तोत्र होतं, हे सायन्स आहे. म्हटलं, श्रद्धा दोन्हीकडे लागते.
जमा करायची शेवटची तारीख शुक्रवार, १४. ती चुकली तर सहा महिने थांबायचं, आणि हाताशी आलेली नोकरी जायची. मला काही नको. आभाराच्या पानावर एक ओळ असली की झालं. तसं बोलून दाखवलं नाही. तिला सुचेलच.

मंगळवार, ४.
फार अव्यवस्थित मुलगी. सुरुवातीलाच एक अख्खं पान जवळजवळ कोरं, मधोमध तिरक्या बारीक अक्षरात दोनच शब्द. वाचत बसले नाही, काढून टाकलं. चार प्रतींत चार कागद वाचले.
पुढे तर दहाच्या डोक्यावर जागोजागी उवांसारखे बारीक आकडे. सगळं सिलेक्ट केलं आणि फॉरमॅटिंग पुसायचं बटण दाबलं. आकडे खाली उतरून शहाण्यासारखे ओळीत बसले. तीन मिनिटांचं काम. बाई याचे पैसे घेतात.

बुधवार, ५.
आज खरी गोम सापडली. लेकीने वजाबाक्या अर्धवट टाकल्या आहेत. 10-7. 10-9. पानोपानी. शाळेतही हीच खोड, गणित मांडायचं आणि उत्तर न लिहिता खेळायला पळायचं. वडिलांवर गेली आहे. ह्यांना विचारलं, दहातून सात गेले की किती? तीन, म्हणाले, का गं? म्हटलं, सहज.

गुरुवार, ६.
सगळ्या सोडवल्या. एकशे शहाऐंशी. शेजारचे गुणाकारही करून टाकले. 4.2 गुणिले 3, बारा पूर्णांक सहा. प्रत्येकाचा ताळा घेतला. तीस वर्षं घरखर्चाची वही लिहिते, इथे काय चुकणार?
जुनी फाइल पुसली. एकाच्या दोन कशाला, जागा अडते.

शुक्रवार, ७.
लेकीने न बघताच तिच्या गाइड सरांना पाठवला. विश्वास म्हणतात तो हा.

सोमवार, १०. दुपारी.
सरांचा फोन. लेक नुसतं हो सर, हो सर करत होती. आपल्या प्रबंधाप्रमाणे एक लिटर पाण्यात साडेबारा किलो शिसं निघालं आहे. सर म्हणाले म्हणे, ती बादली उचलायला कोणाला नेलं होतंस?
मी म्हटलं, गणित बरोबर आहे, ताळा करून बघ.
लेक कागद-पेन्सिल घेऊन बसली. मग हळूहळू सांगितलं. दहाच्या डोक्यावर उणे सात म्हणजे वजाबाकी नव्हे. एकाचे एक कोटी भाग करायचे, त्यातला एक. बाकी शिसं नावालाच. याला घातांक म्हणतात. मॅट्रिकला आम्हालाही होते. मी ऑप्शनला टाकले होते, तरी सत्तावन्न टक्के पडले.
जुनी फाइल कुठे आहे, विचारलं तिने. मी देवाला दिवा लावायला उठले. दुपारचे दोन वाजले होते, पण उठले.

मंगळवार, ११.
कंट्रोल, शिफ्ट आणि अधिकचं बटण एकदम दाबलं की आकडा वर चढतो. पुन्हा दाबलं की पुढचं खाली येतं. चिठ्ठी देव्हाऱ्याशेजारी चिकटवली आहे. लेक लॅबच्या वहीतून वाचते, मी टाइप करते. दहा, वर, उणे सात, खाली. दहा, वर, उणे नऊ, खाली. हे दोनदा येऊन विचारून गेले, कोण चढतंय? आज चाळीस झाले.

बुधवार, १२.
शंभर पार. लय लागली आहे. एकशे शहाऐंशी म्हणजे एक माळ आणि वर अठ्ठ्याहत्तर. इतका जप कुठल्या व्रताला केला नव्हता. लेकही हसायला लागली. म्हणाली, आई, तुला आता गाइड करू का? मी नाही म्हटलं नाही.

गुरुवार, १३.
संपले. लेक प्रिंटचं विचारायला बाहेर गेली, तेव्हा आभाराचं पान उघडलं. सर आहेत. लॅब आहे. ‘वडिलांचे, मध्ये न बोलल्याबद्दल’ आहे. मी नाही.
घाईत राहिलं असेल. मीच ओळ घातली: ‘या प्रबंधातील प्रत्येक आकडा जिच्या हातून गेला, त्या आईचे ऋण.’ चष्मा न लावता टाइप केली. बोटं आता आपोआप चालतात, आधी ती तीन बटणं, मग मजकूर.

शुक्रवार, १४. संध्याकाळी.
जमा झाला. शिसं जागच्या जागी, घातांक डोक्यावर. सरांनी एकही लाल खूण केली नाही. एक प्रत घरी आली, काळं बाइंडिंग, सोनेरी अक्षरं.
आभाराचं पान उघडून ह्यांच्यापुढे धरलं. ह्यांनी बोट ओलं करून पानाचा तळ घासला. म्हणाले, इथे मुंग्या चिरडल्यात वाटतं. ती माझी ओळ. सगळीच्या सगळी वर चढलेली. म्हटलं, शास्त्रात वरच्या बारीकालाच मान असतो, सरांना विचारा.
लेक मात्र आभाराच्या पानाकडे बघेना. पुढून मागे, मागून पुढे प्रत चाळत राहिली. मग म्हणाली, आई, सगळ्यात पहिलं पान कुठे गेलं? मधोमध फक्त ‘माझ्या आईला’ लिहिलं होतं.
म्हटलं, बाइंडिंगवाल्याने गाळलं असेल. हल्ली लोक कागद वाचवायला काय वाटेल ते करतात.