बंडीचं कापड

कार्तिक वद्य ५, सन १९३५

"वेचण्याबिगर काय येतं गं तुला?" — लग्नाच्या वर्षी हे म्हणाले होते, कपाशीत उभे राहून. तेव्हा मी पोर होते, आता केस पिकायला लागले. हे विसरले. मी नाही! आज ओटीत माझा वेगळा कापूस वेचला. त्याची बंडी माझ्या हाताने करणार — यांच्यासाठीच!

मार्गशीर्ष शुद्ध ८

सरकी काढली, म्हशीला घातली. पिंजायला पिंजाऱ्याला बोलावलं. कापूस उडून माझ्या डोक्यावर. "बाई, आज लई म्हाताऱ्या दिसून राह्यल्या!" म्हणतो मेला.

पौष शुद्ध ३

चरख्यावर सूत जाड-बारीक येतं, तुटतं. हे डोकावले. "बैलाला दोर वळून राह्यली का?" मलाच हसू फुटलं.

पौष वद्य ६

सूत घेऊन मी मंठ्याला लालमियाँ विणकरांकडे गेले. म्हटलं, मला मागावर बसू द्या, चार बोटं तरी विणते. "तोबा! आमच्यात बाया मागावर बसत न्हाईत. हिला इचारा, कधी बसली का?" त्यांची बायको अजीजुन्निसा धोट्यात घालायच्या सुताच्या कांड्या भरत होती. तिने मान वर केली नाही.

सूत ठेवून आले.

माघ शुद्ध ७

लालमियाँ तापाने जालन्याच्या दवाखान्यात, असं कळलं. चौकशीला गेले, तर आत माग चालू! अजीजुन्निसा बसलेली. धोटा इकडून तिकडे असा पळत होता, की मी उंबऱ्यावरच थांबले. ती दचकली.

"कुनाला बोलू नको, बाई. अब्बांनी शिकवलं लहानपनी. हे न्हाई रहते, तवाच बैठती."

मी बाजूला बसून तिला कांड्या भरून दिल्या. वाईट भरल्या. ती हसली!

माघ वद्य ४

कापड आणलं. लालमियाँ बरे झालेत. त्यावर हात फिरवत म्हणाले, "बुखाराच्या आधीच इणून ठेवल्तं मी. देखो, बिलकुल बराबर!" पण विणलं कुणी, ते त्यांना ठाऊक आहे. अजीजुन्निसाने घडी घालून कापड माझ्या हातात दिलं.

फाल्गुन शुद्ध २

बंडी शिवून झाली. हे घालून पारावर गेले. "वेचण्यापासून इणण्यापोत्तर, समदं आमच्या हिनंच!" असं सगळ्यांना सांगून आले. किती खूश! अजीजुन्निसाचं नाव मी सांगितलं नाही. भाकरी गोड लागली नाही.

फाल्गुन शुद्ध ३

मी मंठ्याला निघाले. लालमियाँना म्हणणार — आता माझं लुगडं विणा. पण विणायचं अजीजुन्निसाने, तुमच्यासमोर बसून. नाहीच म्हणतील. तरी मी म्हणणारच.