आपल्या रक्तात जे नव्हतं

माय, तुझ्या नातीला मुलगा झाला. आता चालायलाही लागलाय. आणि त्यालाही तेच आहे, जे मला आहे. हे तुला सांगावं की नाही, याच विचारात बरेच दिवस गेले. तू असतीस तर चुलीपुढून उठून परसात गेली असतीस आणि बऱ्याच वेळानं तोंड धुऊन आत आली असतीस.

माकणीतलं आपलं ते एका खोलीचं घर मला अजून डोळे मिटून फिरता येतं, कारण माझं सगळं लहानपण तेवढ्यातच गेलं. तू सकाळी खुरपायला निघायचीस, बाबा त्याआधीच कामावर गेलेले असायचे. चुलीच्या कडेला, उंबऱ्याला, पत्र्याच्या पेटीच्या कोपऱ्यांना तू जुन्या लुगड्याच्या चिंध्या गुंडाळून ठेवलेल्या. भाकरी, पाण्याचा तांब्या जवळ ठेवायचीस आणि बाहेरून कडी लावायचीस. मी दिवसभर खिडकीचे गज धरून उभा. समोर पोरं कबड्डी खेळायची, पडायची, गुडघे खरचटले की वर माती टाकून पुन्हा खेळायची. शेजारच्या काकूंनी एकदा माझ्यादेखत तुला विचारलं होतं, "लेकराला असं कोंडून ठिवतीस व्हय गं? जनावर हाय का ते?" तू खुरपं कमरेला खोचत म्हणालीस, "जितं तर ऱ्हाईल." तुझा धाकटा भाऊ दात पडल्यावर रक्त न थांबून गेला होता. तू त्याला मांडीवर घेऊन बसली होतीस, हे मला फार उशिरा कळलं.

एका दुपारी दार हलवून हलवून मी कडी पाडली. कालव्यावर पळालो, पोरांबरोबर काठावरून खाली उड्या मारल्या. कुठं खरचटलंसुद्धा नाही, रक्ताचा एक थेंब दिसला नाही. मला वाटलं, जिंकलो. संध्याकाळी गुडघा फुगायला लागला आणि दिवस मावळेपर्यंत टणक झाला, आत कुणीतरी निखारा ठेवल्यासारखा. तू शेतातून आलीस, गुडघा बघितलास आणि हात उगारलास. हात तसाच वर राहिला. मला मारलं तर तिथंही रक्त साकळणार. मग तू दोन्ही हातांनी स्वतःच्याच थोबाडात मारून घ्यायला लागलीस. "का गेलास? सांग, का गेलास?" मी रडत होतो ते गुडघ्यामुळं नाही. त्यानंतर कडी पडून दार उघडं राहिलं तरी मी बाहेर गेलो नाही.

पुढं एकदा सोलापूरच्या दवाखान्यात माझ्या हाताला पिवळ्या पाण्याची पिशवी लावली, तेव्हा तू डॉक्टरीणबाईंशी भांडलीस. "ह्ये पिवळं पानी काय लावलंय? लेकराचं रगत गेलंय, रगत लावा की!" बाई चिडल्या नाहीत. त्यांनी एक काचेची नळी आणली. रक्त गोठू नये म्हणून औषध घालून ती उभी ठेवलेली होती. तळाला लाल थर बसलेला, त्याच्यावर पांढुरकी पातळ साय आणि सगळ्यात वर तेच पिवळं पाणी. त्या म्हणाल्या, लाल पेशी श्वासातली हवा अंगभर पोचवतात. सायीतल्या पांढऱ्या पेशी रोगाशी झुंजतात. त्याच सायीत बारीक बारीक प्लेटलेट असतात, कुठं शीर फुटली की त्या धावत जाऊन एकमेकींना चिकटतात आणि भोक बुजवतात. "पण मावशी, ते बुजवणं कच्चं असतं. ह्या पाण्याला प्लाझ्मा म्हणतात. त्यात बरेच घटक असतात. एक दुसऱ्याला जागं करतो, दुसरा तिसऱ्याला, आणि शेवटी बारीक धाग्यांची जाळी तयार होते. त्या जाळीत रक्त अडकतं, घट्ट होतं, मग थांबतं. तुमच्या मुलात मधला एक घटक जवळजवळ नाहीच. म्हणून दुसऱ्याच्या रक्तातलं हे पाणी लावलंय."

तू एवढंच विचारलंस, "ह्याच्यात का न्हाय मग?" बाईंनी सांगितलं, हे आईकडून मुलाला येतं. तू माझा हात सोडलास. "म्हंजी म्याच दिलं व्हय." बाई म्हणाल्या, यात कुणाचा दोष नसतो. तू मान हलवलीस, पण त्या दिवसापासून आणखी काही जाईल म्हणून तू तुझ्या ताटातला घास मला देणं बंद केलंस आणि मला भावंड होऊ दिलं नाहीस.

मी आता मुरुम गावात मोटर वायंडिंगचं दुकान चालवतो. शेतकऱ्यांच्या जळलेल्या मोटारी येतात, मी बसून तांब्याची तार भरतो. तारेनं बोट कापलं की गिऱ्हाईकं घाबरतात. मी दाबून धरतो, थांबतं. तेवढं काम प्लेटलेट करतात, त्या माझ्याकडं आहेत. आत, सांध्यात फुटलं की मात्र मी अजून तोच गज धरलेला पोरगा असतो. माझी मुलगी जन्मली तेव्हा तू तिला मांडीवर घेऊन म्हणालीस, "पोरगी झाली, बरं झालं. पोरींना काय व्हत न्हाय." मला माहीत होतं, माझ्यासारख्या बापाकडून हे प्रत्येक मुलीत जातंच, आणि तिच्याकडून तिच्या मुलात येऊ शकतं, सुटका नव्हतीच. पण तुझा चेहरा इतका हलका झाला होता की मी गप्प राहिलो.

पोरींनाही होतं, माय. पोरीच्या बाळाला लस टोचली, मांडी काळीनिळी होऊन सुजली, म्हणून तपासण्या झाल्या. तेव्हा डॉक्टरांनी तिचंही रक्त तपासलं. तिच्यातही तो घटक कमी निघाला. दर महिन्याला तिचं इतकं अंगावरून जायचं ते त्यामुळंच. ती मला म्हणाली, "बाबा, मला आजी आठवली." मलाही आठवलीस. भिंतीला टेकून बसलेली, ओठ पांढरे, आणि विचारलं की "काय न्हाय, अशक्तपना हाय." मी जन्मलो तेव्हा किती दिवस तुझं रक्त थांबत नव्हतं, हे तू नेहमी हसत सांगायचीस. सोलापूरला माझ्या खाटेशेजारी तू उभी होतीस. पण तुझ्या रक्ताची नळी कुणी भरली नाही.

नातवाला आता दर आठवड्याला कातडीखाली एक सुई देतात. त्या घटकाचं काम ते औषध करतं. तो पळतो, धडपडतो, उठतो. मी दोन्ही हात पुढं करून त्याच्या मागं जायला लागलो की पोरगी म्हणते, "बाबा, बसा तुम्ही. पडू द्या त्याला." ती सांगते ते खरं आहे, मी औषधाचा कागद वाचलाय. तरी माझे हात खाली येत नाहीत.

तुला वाचता यायचं नाही. आलेलं प्रत्येक पत्र मीच तुला वाचून दाखवायचो, मग हे कुणाकडं देणार? राहील इथंच. गेल्या रविवारी पोरगी आणि जावई त्याला धरणावर घेऊन गेले. मलाही चला म्हणाले, गाडीत जागा होती. तिथं पायऱ्या आहेत, दगड आहेत, आणि तो पळणार. मी सांगितलं, एका शेतकऱ्याची मोटर आजच द्यायची आहे. माय, दुकानात त्या दिवशी एकही मोटर नव्हती.