सातव्या पटाची वाट

१२ जानेवारी १९७४, शनिवार

सातव्या पटाला वाट नाही. आज पुन्हा तपासले. चारही बाजूंनी तट, मध्ये तळे, तळ्याकाठी काही घरे. वेस नाही, पूल नाही, पाऊलवाटदेखील नाही. तळ्याच्या अगदी काठावरील घरात माझ्या पत्नीने, चारुशीलेने, स्वहस्ते ठेवलेली तिची पांढरी सोंगटी. ती गेल्यापासून तो पट तिच्या मेजावर तसाच अंथरलेला आहे.

दर दिवाळीला ती मांजरपाटावर एक नवे राज्य रंगवी आणि त्यावर आम्ही चौघे कवड्या टाकून खेळत असू – ती, मी, तिची थोरली बहीण यमुताई आणि शेजारचे देवराव. तांबडगड, शंखावती, मीठराज्य... अशी सहा झाली. सातवे अंथरुणाला खिळल्यावर केले. नाव द्यायचे राहून गेले.

"याला आत जायची वाट कुठून?" असे मी विचारले होते.

"तुम्हांला एवढ्यात नको," म्हणाली आणि कुंचला धुवायला दिला.

संपूर्ण संसाराच्या अखेरीस हे उत्तर!

१४ जानेवारी, सोमवार

संक्रांत. ती जाऊन वर्ष व्हायचे आहे, त्यामुळे घरात तिळगूळ नाही. यमुताई लकडगंजहून आल्या. वाद झाला. ही सर्व राज्ये एकमेकांना जोडलेली आहेत, असा त्यांचा आग्रह. मी पुरावा मागितला. तांबडगडची नदी पूर्वेस वाहते. शंखावतीचा समुद्र पश्चिमेस. नदी काय डोंगर चढून गेली?

"नकाशे काढण्यात जन्म गेला तुमचा, विश्वनाथराव. तुम्हांला ते कळायचं नाही."

"मग आपण समजावून सांगा."

त्यांनी मेजावरच्या पटाकडे पाहिले, चहा अर्धा टाकला आणि उठल्या. काही तरी लपवीत आहेत.

२० जानेवारी, रविवार

बैठकीतील खुर्च्या बाहेर काढून सहाही पट जमिनीवर अंथरले. सर्वेक्षण खात्यात दोन तालुक्यांच्या नकाशांची पत्रके जुळवताना जी रीत, तीच अवलंबिली – रस्त्याला रस्ता, ओढ्याला ओढा. प्रथम सर्वांची उत्तर दिशा एक धरली. मग एकेक पट फिरवून पाहिला. कोणतीही कड दुसरीस मिळत नाही. सातव्याला तर जुळवण्यासारखे काहीच नाही.

तेव्हा निष्कर्ष असा की राज्ये स्वतंत्र आहेत आणि सातवे सर्वांत स्वतंत्र. जिथे मी येऊ शकणार नाही अशी एक जागा तिला हवी होती.

हे वाक्य खोडत नाही.

२१ जानेवारी

स्वयंपाकाच्या बाईंना आठवडाभर येऊ नका म्हणून सांगितले. खाणाराच नाही.

२६ जानेवारी, शनिवार

देवराव झेंडावंदनाहून परस्पर आले. डोक्यावर अजून टोपी. दारातच थबकले.

"काय करून राहिले भाऊसाहेब? धोबीघाट मांडला का घरात?"

बसायला खुर्ची नव्हती. ते भिंतीला टेकून खालीच बसले. मी त्यांना सगळी मांडणी समजावून दिली. त्यांनी मान डोलावली आणि शंखावतीवर बोट ठेवले.

"तुमचं सारं बरोबर आहे. पण मी तांबडगडातून शंखावतीले कितीकदा गेलो."

"कोणत्या रस्त्याने?"

देवराव टोपी काढून मांडीवर घेऊन बसले. "यमुताईनं सांगतलं नाही तुमाले?"

"नाही."

"भाऊसाहेब, तुमी कधी हरलेच नाही ना."

मग सांगितले. सोंगटी मारली गेली की ती उचलून पुढच्या राज्याच्या पटावर ठेवायची. तिथे तिचा नवा डाव सुरू. एका राज्यात मरावे तेव्हाच दुसऱ्यात पोचता येई; अन्य वाट तिने कोठेच काढली नव्हती. जिंकलेल्याने पटावरून उठायचे, हा नियम मला ठाऊक होता. मी उठून वर्तमानपत्र वाचायला जात असे. माझ्या पाठीमागे ते तिघे एका राज्यातून दुसऱ्यात खेळत राहात.

"अन् तुमची सोंगटी मारायची नाही, अशी वहिनीनं आमाले ताकीदच देल्ली होती. काहून, तं हे हरले का जेवत नाहीत." देवराव हसले. "मी तं एकदा हातात आलेलं दान सोडून देल्लं तुमच्यापायी. वहिनीनं डोळे वटारले होते."

बोलता बोलता त्यांची नजर मेजावरच्या पांढऱ्या सोंगटीकडे गेली. नंतर ते हसले नाहीत.

इतकी वर्षे मी चांगला खेळतो असे समजत होतो.

२७ जानेवारी

तर तिने दार लावून घेतले नव्हते. मला मागे ठेवले, एवढेच. हे समजल्याने दुःख हलके व्हावे अशी अपेक्षा होती. तसे झालेले नाही.

३ फेब्रुवारी, रविवार

यमुताईंना आणि देवरावांना बोलावले. सहावा पट मांडला. चारुशीलेची ताकीद मी मागे घेतली आहे, असे दोघांना स्पष्ट सांगितले. यमुताई नको नको म्हणत होत्या. अखेर त्यांच्याच दानाने माझी सोंगटी मेली. त्यांच्याने ती उचलवेना. मी उचलली आणि सातव्या पटावर, पांढरीच्या शेजारच्या घरात ठेवली.

देवरावांनी कवड्या माझ्यापुढे केल्या. मी त्या पांढरीपुढे ठेवल्या. जो आधी पोचला त्याचे दान आधी.

यमुताईंनी पान वाढले. जेवलो.