जलपूजन करून उतरवलेल्या मोठ्या कॅमेऱ्याला न दिसलेल्या सात मूर्तींबाबत

प्रति,
मा. अध्यक्ष,
जिल्हा जलवारसा चित्रण समिती,
छत्रपती संभाजीनगर.

अर्जदार : सुलेखा सर्जेराव वाहूळ, वय ३८, मूळ राहणार पिशोर, ता. कन्नड, हल्ली मुक्काम छत्रपती संभाजीनगर. व्यवसाय : विहिरीत पडलेल्या मोटारी काढणे व पाण्याखालील चित्रण.

विषय : मौजे डोणवाडी येथील बारवेत "उल्लेखनीय काहीही आढळले नाही" हा अहवाल रद्द करणे, अर्जदाराच्या अभिप्रायाचे दुसरे पान अहवालास जोडणे आणि बारव बुजवण्याचे काम थांबवणे.

संदर्भ : १) अभिप्राय मागवणारे समितीचे पत्र, ऑगस्ट २०२४. २) समितीचा अहवाल, दि. ३ जानेवारी २०२५. ३) बारव बुजवण्याचा कार्यादेश, दि. १० फेब्रुवारी २०२५.

महोदय,

१. अर्जदार सविनय कळवते की, तिचे वडील सर्जेराव हे पिशोर व आसपासच्या गावांत विहिरीत पडलेल्या मोटारी, बादल्या आणि क्वचित माणसेही वर काढण्याचे काम करीत. कंबरेला दोर, मांडीवर दगड आणि छातीत एक श्वास, एवढ्या भांडवलावर त्यांनी तीस वर्षे काढली. अर्जदार बाराव्या वर्षी त्यांचा दोर धरू लागली व सोळाव्या वर्षी स्वतः उतरू लागली. गावाने त्यावर बरीच नाके मुरडली, ती आता सरळ झाली आहेत. वडिलांची शिकवण थोडकी होती. तळाला पाय टेकवायचा नाही, हातपाय मारायचे नाहीत आणि उठलेला गाळ बसेपर्यंत जागच्या जागी थांबायचे. अर्जदार आजही तसेच काम करते. फरक इतकाच की आता पाठीवर हवेची टाकी असते व हातात तळव्याएवढा कॅमेरा.

२. सदर कॅमेऱ्याच्या पेटीला समितीतील एका मान्यवरांनी भर बैठकीत "डबा" म्हटले होते, म्हणून खुलासा करणे भाग आहे. ती पेटी शहागंजातील एका पाट्या बनवणाऱ्याने अॅक्रिलिकमध्ये जोडून दिली. झाकणाचे रबर तिथल्याच कुकर दुरुस्त करणाऱ्या चाचांनी कापून दिले. तिच्यात आजवर पाण्याचा थेंब गेलेला नाही. डबा तर डबा.

३. शेंद्र्याच्या औद्योगिक वसाहतीला लागून असलेल्या डोणवाडीच्या बारवेला अठ्ठावीस पायऱ्या असून त्यांपैकी अकरा बारमाही पाण्यात असतात. बहात्तरच्या दुष्काळात पाणी तळाला गेले, तेव्हा चौदा वर्षांच्या साळूबाई गाळ काढायला आत उतरल्या होत्या. आज त्या सदुसष्ट वर्षांच्या आहेत. दक्षिणेच्या भिंतीतल्या आडव्या देवळीत काय पाहिले, हे त्यांनी अर्जदाराला सांगितले : "साती आसरा हायेत तिथं. सहा उभ्या, कडंची बसलेली. तिच्या मांडीवर लेकरू हाय." अर्जदार स्वतः बौद्ध असून पाण्याच्या या देवतांवर, आसरांवर, तिची श्रद्धा नाही. परंतु दगडात कोरलेले असेल तर ते आहेच, असे तिचे मत आहे.

४. त्यानुसार मार्च २०२४ मध्ये अर्जदार बारवेत उतरली. वर दोर धरायला श्री. सत्यम बद्रीनाथ दांडगे होते. हे गृहस्थ अर्जदाराच्या वडिलांच्या हाताखाली तयार झाले, अर्जदाराबरोबर अकरा वर्षे विहिरी उतरले आणि तिच्या घरी हक्काने जेवले. पाणी इतके गढूळ की एका हातापलीकडे दिसत नव्हते. अर्जदाराने आधी देवळीत हात घालून एकेक मूर्ती चाचपली. मग सत्यम उतरले. ते वर आले, पायरीवर बसले आणि त्यांनी बोटांवर सात मोजून दाखवले. तिसऱ्या खेपेस अर्जदाराने छोटा कॅमेरा देवळीच्या आत नेला, दगडापासून वीतभर अंतरावर धरला, बत्ती बाजूने लावली आणि नऊ मिनिटांचे चित्रण केले. त्यात सातही मूर्ती आहेत, शेवटची बसलेली आहे आणि तिच्या मांडीवर मूल आहे. साळूबाईंनी ते मोबाइलवर पाहिले व मोबाइल कपाळाला लावला.

५. समितीने सदर चित्रण "मोठ्या पडद्यावर दाखवण्याच्या दर्जाचे नाही" म्हणून बाजूला ठेवले आणि चित्रपटांसाठी वापरतात तसा उच्च प्रतीचा डिजिटल कॅमेरा आणण्याचे ठरवले. पाण्याखालच्या कामाला असा कॅमेरा घेणे सार्थकी लागेल काय, यावर संदर्भ क्र. १ अन्वये अर्जदाराचा अभिप्राय मागवण्यात आला. त्या पत्रात तिला "तज्ज्ञ" म्हटले होते. सरकारी कागदावर असे कोणी पहिल्यांदाच म्हटल्याने तिला आनंद झाला, हे ती लपवत नाही. तिने ते पत्र घरातल्या सर्वांना वाचून दाखवले, सत्यम यांना दोनदा.

६. चार दिवस बसून अर्जदाराने दोन पानी अभिप्राय लिहिला. पहिल्या पानावर कॅमेऱ्याचे गुण होते, कारण गुणाला गुण म्हटलेच पाहिजे. खोल पाण्यात आधी तांबडा रंग नाहीसा होतो. साधा कॅमेरा तिथे सगळे निळे-हिरवे करून ठेवतो, तर हा कॅमेरा इतका तपशील साठवतो की गेलेला रंग नंतर बराचसा परत आणता येतो. अंधुक उजेडातही त्याचे चित्र फुटत नाही. स्वच्छ समुद्रात, प्रवाळावर, मोठ्या माशांवर असा कॅमेरा आणि त्याला पेलणारी माणसे असतील तर केलेला खटाटोप फळाला येतो. पहिल्या पानाची शेवटची ओळ होती : "या कॅमेऱ्याला तोड नाही."

७. दुसऱ्या पानाची पहिली ओळ होती : "मात्र हे सर्व स्वच्छ पाण्याबाबत झाले." पुढे अर्जदाराने असे मांडले होते की, गढूळ पाण्यात चित्राचा दर्जा कॅमेऱ्यावर नव्हे, तर वस्तू आणि भिंग यांच्यामध्ये किती पाणी आहे यावर ठरतो. मोठा कॅमेरा धातूच्या पेटीत बसला की त्याचा आकार लग्नातल्या पेटाऱ्याएवढा होतो. तो देवळीत शिरत नाही, पाच फुटांवर उभा राहतो आणि मधला पाच फूट गाळ अत्यंत सुस्पष्टपणे टिपतो. समोरून मोठे दिवे लावले की गाळाचा कण न कण चमकतो. बॅटरी किंवा कार्ड बदलायचे तर पेटी वर आणून, कोरडी करून, उघडून पुन्हा बंद करावी लागते आणि प्रत्येक वेळी रबरावर एक केस जरी राहिला तरी सगळे पाण्यात जाते. पेटी सांभाळायला दोन-तीन माणसे लागतात, म्हणजे चार-सहा पाय गाळ ढवळतात. सबब डोणवाडीसाठी छोटा कॅमेराच वापरावा, आणि मोठा घ्यायचाच असेल तर समुद्राकाठच्या जिल्ह्याने घ्यावा, असे अर्जदाराने नम्रपणे सुचवले होते.

८. अभिप्राय देण्याच्या दिवशी अर्जदार पिशोरला एका विहिरीतून मोटार काढत होती. म्हणून तिने दोन्ही पाने सत्यम यांच्या हाती समितीकडे पाठवली. ज्या माणसाच्या हाती अकरा वर्षे जीव दिला, त्याच्या हाती दोन कागद देताना कोणी पोच मागत नाही. अर्जदारानेही मागितली नाही.

९. यथावकाश कॅमेरा आला. दि. १२ डिसेंबर २०२४ रोजी बारवेवर मांडव पडला. अर्जदाराला निमंत्रण नव्हते, ती साळूबाईंबरोबर वरच्या काठावर उभी होती. आपल्याकडे धरण भरले की जलपूजन होते, त्याच रिवाजाने येथेही ते करण्यात आले. प्रथम कॅमेऱ्याला हार व कुंकू. मग पाण्याला साडी-चोळी, खण-नारळ, ताटभर हळद, ताटभर कुंकू आणि तीन पाट्या झेंडूची फुले. हौशी कार्यकर्त्यांनी शेवटी गुलालाचे एक पोते रिकामे केले. त्यानंतर लगेच, त्याच पाण्यात, तीन माणसांनी तो कॅमेरा उतरवला. अर्जदाराने काठावरून दोन वेळा ओरडून सांगितले की आज उतरू नका, पाणी आठ दिवस बसू द्या. बँड चालू असल्याने ते ऐकू गेले नसावे. त्या तिघांपैकी सत्यम यांनी मात्र एकदा वर पाहिले होते.

१०. सदर चित्रण एक तास चाळीस मिनिटांचे असून अर्जदाराने ते माहितीच्या अधिकारात मिळवून पूर्ण पाहिले आहे. इतके सुरेख धुके तिने आयुष्यात पाहिले नाही. चौतिसाव्या मिनिटाला एक झेंडू इतका स्पष्ट दिसतो की त्याच्या पाकळ्या मोजता याव्यात. कॅमेऱ्याच्या गुणांविषयी पहिल्या पानावर लिहिलेले अक्षर न अक्षर खरे ठरले, याचा अर्जदाराला आनंद मानावा की काय ते कळत नाही.

११. संदर्भ क्र. २ च्या अहवालात "पाण्याचा नैसर्गिक रंग तांबूस आहे" आणि "सर्वोच्च प्रतीच्या कॅमेऱ्याने पाहणी करूनही उल्लेखनीय काहीही आढळले नाही" असे दोन निष्कर्ष आहेत. आधार म्हणून अर्जदाराचा अभिप्राय जोडला आहे. तो एक पानी आहे. त्याखाली तज्ज्ञ म्हणून तिचे नाव टंकित केलेले आहे. म्हणजे मूर्ती नाहीत हे जणू अर्जदाराच्याच तोंडून वदवले गेले. शिवाय, "मी स्वतः उतरून खात्री केली, दक्षिण भिंत सपाट आहे" असे एक निवेदन आहे. त्यावर समितीचे नवनियुक्त मानधनी जलचित्रण सहायक म्हणून श्री. सत्यम बद्रीनाथ दांडगे यांची सही आहे. अर्जदाराने ती सही ओळखली. एके काळी तिनेच त्यांना बँकेच्या फॉर्मवर ती घोटायला लावली होती.

१२. आवक नोंदवहीची प्रत मागवली असता "अभिप्राय, पाने : १, देणार : स. ब. दांडगे" अशी नोंद मिळाली. अर्जदार तीन दिवस ती प्रत पिशवीत घेऊन फिरली. दुसरे पान वाटेत पडले असेल, वाऱ्याने उडाले असेल, बाबूने हरवले असेल, अशा सगळ्या समजुती तिने स्वतःच घालून पाहिल्या. चौथ्या दिवशी ती सत्यम यांच्या घरी गेली. त्यांनी चहा ठेवायला सांगितला. दुसरे पान त्यांच्या कपाटात होते व ते त्यांनी काढून दिले. समिती असा कॅमेरा घेणार नसेल तर तो चालवायला माणूसही घेणार नाही, हे त्यांना ऑगस्टमध्येच कळले होते, असे त्यांच्या बोलण्यावरून दिसले. मूर्तींबद्दल विचारल्यावर ते जे म्हणाले ते अर्जदार जसेच्या तसे नमूद करते : "ताई, माझा हात फिरलाय त्यांच्यावर, नाय कुठं म्हणतो? पण त्यांच्या कॅमेऱ्यात आलं नाय. आता मी काय कॅमेऱ्याला खोटं पाडू?"

१३. अर्जदाराने चहा घेतला नाही. परक्या माणसाने फसवले असते तर ती भांडली असती. हा केसाने कापलेला गळा आहे आणि त्याची तक्रार कोणत्या खिडकीवर करतात हे तिला माहीत नाही. सत्यम यांच्यावर कारवाई व्हावी अशी तिची मागणी नाही. त्यांचे मूल लहान आहे व त्यांना कायम पगाराची गरज होती, हे तिने सांगून ठेवलेले बरे. मात्र तेव्हापासून तिने दोर धरायला दुसरा माणूस ठेवलेला नाही, कारण कोणाच्याही हातात दोर देताना तिचा हात थांबतो.

१४. पाणी उपसून मूर्ती सर्वांना दाखवाव्यात, असाही पर्याय अर्जदाराने पाणीपुरवठा कक्षाकडे मांडला. तेथील नोंदवहीत ही बारव "पिण्यायोग्य पाण्याचा संरक्षित स्रोत" असल्याने तिच्यातून मोटारीने पाणी काढता येत नाही, असे लेखी उत्तर आले. बुजवण्याच्या कार्यादेशात हीच बारव "निरुपयोगी खड्डा" आहे, कारण त्यावरून मालमोटारींच्या वाहनतळाचा रस्ता जाणार आहे. दोन्ही कागद आपल्याच इमारतीतले असून त्यांच्यामध्ये एका जिन्याचे अंतर आहे.

१५. सबब, अर्जदाराची विनंती अशी की, अभिप्रायाचे दुसरे पान आजच्या तारखेने का होईना, दाखल करून घ्यावे. अर्जदाराचे नऊ मिनिटांचे चित्रण समितीने एकदा, भिंतीवरच्या मोठ्या पडद्यावर नव्हे, तर टेबलावरच्या लहान पडद्यावर, पूर्ण पाहावे. पाहून झाल्यावरही त्यात सात मूर्ती दिसल्या नाहीत, तर तसे सर्व सदस्यांनी आपापल्या हाताने लिहून सही करावी. आणि तोवर एकही टिपर बारवेच्या काठाला लावू नये.

१६. कार्यादेशानुसार मुरूम टाकण्यास सोमवार, दि. २४ फेब्रुवारी रोजी सकाळी आठ वाजता सुरुवात होणार आहे. या अर्जावर त्यापूर्वी निर्णय होईलच असे मागील अनुभवावरून अर्जदाराला वाटत नाही. म्हणून ती समितीस या अर्जाद्वारे रीतसर कळवते की, सदर दिवशी सकाळी साडेसात वाजता ती हवेची टाकी घेऊन बारवेत उतरेल व दक्षिण भिंतीजवळ चित्रण करील. टाकी संपल्यास बदलून पुन्हा उतरेल. काठावर तिचे कोणीही माणूस नसेल. पाण्याखाली गाडीचा हॉर्न किंवा माणसाची हाक ऐकू येत नाही, तसेच पाणी गढूळ असल्याने वरून पाहणाऱ्याला खाली कोणी आहे हे दिसणार नाही. तरी टिपर चालकांना तशी लेखी सूचना देण्यात यावी व त्या सूचनेवर आपण स्वतः सही करावी, ही विनंती.

आपल्या सहीची वाट पाहणारी,

(सही)
सुलेखा सर्जेराव वाहूळ
छत्रपती संभाजीनगर
दि. १७ फेब्रुवारी २०२५

सोबत :
१) अभिप्रायाचे दुसरे पान, मूळ प्रत, घडी पडलेली.
२) नऊ मिनिटांचे चित्रण, पेनड्राइव्हमध्ये.
३) आवक नोंदवहीची साक्षांकित प्रत.
४) श्रीमती साळूबाई यांचे निवेदन, अंगठ्यासह.

प्रत माहितीस्तव : श्री. सत्यम बद्रीनाथ दांडगे, जलचित्रण सहायक. त्या दिवशी त्यांची नेमणूक बारवेच्या काठावर आहे, असे कार्यादेशात नमूद आहे.