पॅकार्डची पट्टी

मच्छे,
ता. ८ नोव्हेंबर १९७९

भावकू आण्णास चुलतभाऊ रवळूचा नमस्कार.

मी इथं खुशाल आहे. तुझी खुशाली विचारत न्हाय, ती जयाआक्कानं कळवली. गॅरेज वाढवलंस म्हणं. बरं झालं.

चार वर्षं माझा पत्ता कुणाला नव्हता. गोव्यात ट्रकवर होतो, मग मुंबईत, आता इथं लेथवर. इथला मालक कानडीत शिव्या देतो आणि मराठीत माफी मागतो. मजेशीर माणूस. पण ते असू दे.

मुंबईत जुन्या गाड्यांच्या एका गॅरेजात म्हातारा मिस्त्री होता. त्याला आप्पांचं सांगितलं. निपाणीच्या तंबाखू व्यापाऱ्याची पॅकार्ड माझ्या बापानं तीस वर्षं राखली, इंजिन चालू ठेवून बॉनेटवर भरला पेला ठेवायचे, थेंब सांडायचा न्हाय. म्हातारा म्हणाला, "राजाची गाडी रे ती! पण शेवटी कंपनीनंच माती केली. स्टुडबेकरच्या गाडीला पॅकार्डचं नाव लावून विकली. दोन वर्षांत नाव बंद."

मी लई हसलो. तू पण तेच केलतंस की! व्यापाऱ्याच्या पोरांकडनं पॅकार्ड घेतलीस, भंगारात मोडलीस, आणि तिची नावाची पट्टी बेळगावातनं आणलेल्या जुन्या स्टुडबेकरला ठोकून वरातीला फिरवलीस. निपाणीचा नवरदेव पॅकार्डमधनंच मिरवणार, ही रीत. लोक पट्टी वाचायचे. इंजिन कोण ऐकतंय?

मग हसू थांबलं. त्या कंपनीनं निदान स्वतःचं नाव बुडवलं. तू माझ्या बापाचं बुडवलंस.

मग एका वरातीत तवंदीच्या घाटात त्या गाडीचे ब्रेक गेले. नवरानवरी वाचली, देवाची कृपा. पण भर बाजारात तू म्हणालास, "गाडी आमच्या भरमाकाकांच्या हातची. म्हातारपण, दुसरं काय!" आप्पांनी त्या गाडीचा एक नट फिरवला नव्हता.

आता हे लिहू की नको म्हणून दोनदा चहाला जाऊन आलो.

घाटाच्या आधी आप्पांचं डोळ्याचं ऑपरेशन झालं, तेव्हा दवाखान्यातनं आपण त्यांना त्याच गाडीतनं आणलं. डोळे बांधलेले. गाडी सुरू झाली तसं म्हणाले, "रवळू, ही आपली न्हवं रं." दारात उतरल्यावर चाचपडत पुढं गेले, पट्टीच्या कडेनं बोट फिरवलं. "भोकं सरळ पडल्यात. कुणी पाडली?" तू माझ्याकडं बघितलंस. मी म्हटलं, "म्हाईत न्हाय."

भोकं मी पाडलती. ड्रिल आप्पांचंच होतं, हात पण त्यांनीच शिकवलेला. म्हणून बाजारात तू खोटं बोललास तेव्हा माझं तोंड उघडलं न्हाय. लोकांनी त्यांच्याकडं साधी फटफटी आणायची सोडली. त्यांनी माझ्याकडं परत कधी पाना मागितला न्हाय. मी पळालो. ते गेले तेव्हा मी गोव्यात होतो.

आक्का लिहिते, चिकोडीचे यल्लाप्पा सावकार ती गाडी खरी पॅकार्ड म्हणून घेणार आहेत, आणि तू त्यांना सांगतोस, "काकांची शेवटची निशाणी." मेल्यावर पण माझ्या बापाला राबवतोस व्हय रं?

काल चिकोडीला जाऊन आलो. सावकारांना सगळं सांगितलं, माझ्या भोकांसकट. रविवारी सकाळी ते येतील, निपाणीतले सगळे मिस्त्री घेऊन. आप्पांना बघून रस्ता बदलायचे तेच. त्यांच्यासमोर मी बॉनेट उघडणार, पट्टी उचकटणार आणि कुणी काय केलं ते सांगणार. माझ्या तोंडावर थुंकतील. थुंकू देत. माझ्या शेजारी तू उभा असशील, तेवढं मला पुरं.

गाडी हलवायचा विचार करू नको. सावकारांचा माणूस आजपासनं तुझ्या समोरच्या टपरीवर बसलाय. हे पत्र पोचेपर्यंत तू त्याला एकदोनदा रामराम पण केला असशील.

घरातल्या थोरांना नमस्कार लिहायची जागा कोरी सोडली आहे. थोर एकच होते, त्यांना आपण दोघांनी मारलं.

तुझा म्हणवत नाही,
रवळू भरमा मिस्त्री