डॅनीचं कोपर

गुरुवार, १२ जून

चेंडू सोडताना डॅनीचा हात दीड इंच खाली येतोय. सलग तीन सामने. कॅमेऱ्याची मापं दोनदा तपासली. चूक त्यांत नाही.

आमच्या छोट्या लीगमधल्या बेसबॉल संघाचा तो सहा वर्षांपासूनचा पिचर, म्हणजे चेंडू फेकणारा. वरच्या लीगचं बोलावणं अजून आलेलं नाही. आकडे तपासून कोचला रिपोर्ट देणं हे माझं काम. दुपारी त्याला सरळ विचारलं, "कोपर दुखतंय?"

"तू डॉक्टर कधी झालीस?" तो हसला. मग हळूच म्हणाला, "लिहू नकोस, प्लीज. सत्ताविसाव्या वर्षी जखमी पिचरला कोण विचारतं?"

मी म्हटलं, बघते. बघते म्हणजे काय? नको असलेलं लग्नाचं स्थळ टाळताना आईला म्हणते, तेच.

शेवटी दीड इंच तेवढं लिहिलं, दुखण्याचं गाळलं. तो दुखतंय म्हणालाच कुठे? रिपोर्ट अचूक होता. कोचचं उत्तर लगेच आलं: "म्हणजे दम संपला. सोमवारी त्याला सोडून देऊ."

दुखापत नोंदवलेली असती तर बरा होईपर्यंत त्याला संघात ठेवावं लागलं असतं. हा नियम मला माहीत होता. तरी गाळलं. का? त्याच्यासाठी, की वाईटपणा नको म्हणून?

त्याला विचारलं असतं तर तो नाहीच म्हणाला असता. म्हणून न विचारता कोचला कळवलं: "दम आहे. कोपर दुखतंय. डॉक्टरांना दाखवा."

उद्या डॅनी माझ्याशी बोलणार नाही. चालेल, असं लिहून खोडलं.