सुपारी अजून मुठीतच

सिवाई, ६ मार्च २००५

चि. वेरोनिका हिला अपोलोनियाताईचे पोटभर आशीर्वाद.

हे पत्र आरावाच्या ट्रकवाल्याच्या हाती देतेय. येत्या शनिवारी समेट ठरलाय. बेटावरच्या लढाईत माझ्या लेकाला, लायनसला, घरातून ओढून नेणारा तो मथायस सगळ्यांदेखत माफी मागणार, दोन डुकरं देणार आणि माझ्या हातावर सुपारी ठेवणार. मी ती चघळली की विषय संपला, पुन्हा कुणी तोंड उघडायचं नाही. मुखिया म्हणतात, किती ताणायचं, शाळेची वाट मथायसच्याच गावातून जाते. मीही थकले गं. रताळी उकडताना अजून एक जास्तच पडतं.

तू मात्र येऊ नकोस, तुझ्या तोंडाला कुलूप नाही. गुडघा बरा आहे. माया पातळ होऊ देऊ नकोस.

तुझी ताई

आरावा, ९ मार्च

ती. ताईला वेरोनिकाचा वाकून नमस्कार.

पत्र वाचल्यापासून जीव थाऱ्यावर नाही. बेपत्ता माणसांच्या माझ्या वहीत अकरा आया अशा आहेत, ज्यांनी आधी सुपारी चघळली. मग मुलाला कुठे पुरलं विचारायला गेल्या, तर त्यांनाच दटावलं, समेट मोडता का म्हणून. तुला भीड फार. पाहुण्याने दिलेलं तुरट केळंसुद्धा गोड म्हणून खाणारी तू! आधी जागा विचार, तोवर सुपारी मुठीत धर. सोबतच्या कागदावर नेणाऱ्याचं आणि हुकूम देणाऱ्याचं नाव लिहायचंय. त्याशिवाय कोर्टात खटला उभा राहणार नाही.

मला भीती वाटते, ताई. रागावलीस तरी चालेल, पण लगेच कळव.

तुझी वेरो

सिवाई, १७ मार्च

चि. वेरोला ताईचे आशीर्वाद, आणि एक धपाटाही.

तुझं ऐकलं. मथायस रडला, मी मूठ मिटून बसले. आधी जागा सांग म्हटलं, तर तो डुकरांची दोरी माझ्याकडे सरकवू लागला. मुखिया खवळले. तेवढ्यात मथायसची म्हातारी आई उठली. म्हणाली, जमीन आमची बायकांची, आईकडून लेकीकडे येणारी, माझ्या जमिनीत काय पुरलंय ते मी सांगणार. ओढ्याकाठी, तिच्या तारोच्या कंदांच्या मळ्यामागे. इतकी वर्षं तिथलं गवत तीच काढायची.

रविवारी खणलं. बदाम फोडताना तुटलेला लायनसचा पुढचा दात आठवतो? तू त्याला केवढी ओरडली होतीस. मी हात लावून पाहिला, तोच होता. मग मात्र मला रडू आवरेना.

हुकूम कुणाचा, हे मथायस अजून सांगत नाही. रोज सकाळी निरोप पाठवतो, सुपारी चघळलीस का म्हणून. मी कळवते, दाढ दुखतेय. त्याच्या आईला मात्र काल रताळी नेऊन दिली.

कागद तसाच आहे, तू आलीस की लिहू. पेन आण. आणि लवकर ये गं, लायनस घरी आलाय.

तुझी ताई